घंटेची चोरी आणि माझा कबुलीजबाब

प्रार्थनेला गुन्ह्याची कबुली समजून मी एका माणसाला भर चर्चमध्ये बेड्या घातल्या. गोष्ट जुनी आहे, पण अजून आठवली की कान गरम होतात.

मी तेव्हा नवा फौजदार होतो. छावणीतल्या एका लहान चर्चची पितळी घंटा चोरीला गेली. पंचनामा मीच केला. दुसऱ्या दिवशी माझा खबऱ्या आला. "साहेब, आतलाच माणूस हाय. दोर कापून उतरवली घंटा. राखणदारावर नजर ठेवा."

रविवारी साध्या कपड्यांत शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. राखणदार गुडघे टेकून रडत होता, "प्रभू, मी अपराधी हाय. माझ्यावर दया कर." आजूबाजूची माणसंही तेच म्हणत होती, पण माझं लक्ष फक्त त्याच्याकडं. उठलो आणि ओरडलो, "सापडला चोर!"

ठाण्यात विचारलं, "गुन्हा कबूल आहे ना?"

"व्हय साहेब, देवाचा गुन्हेगार हाय मी."

"मग घंटा कुठंय?"

"ते मला काय ठाव?"

दोन दिवस हेच चाललं. निरीक्षकसाहेब म्हणाले, "अरे, पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. आणि हा तर देवासमोर बोलत होता!"

तिढा सोडवला आमच्या म्हाताऱ्या हवालदारानं. कागद चाळताना त्यानं विचारलं, "साहेब, दोर कापल्याचं फक्त पंचनाम्यात हाय. तुमच्या खबऱ्याला कोणी सांगितलं?"

मी तडक खबऱ्याला उचलला. तासाभरात तो बोलता झाला, चोर तोच निघाला आणि बिडकीन गावच्या एका भंगारवाल्याकडं घंटा मिळाली.

राखणदाराला सोडलं. त्यानं लेखी तक्रार केली असती, तर माझी नोकरी गेली असती. निरीक्षकांनी त्याच्यापुढं कोरा कागद ठेवला. त्यानं तो परत सरकवला. "देव मला रोज माफ करतो, साहेब. मी ह्यांना एकदा करू नये?"

त्याची बायको मात्र दारातच उभी राहिली. "ह्यांनी माफ केलं, ठीक हाय. पण न्यायाचं काय? धरलं चारचौघांत आणि सोडताय गुपचूप! पोरीच्या होणाऱ्या सासरच्यांनी सोयरीक थांबवलीय. येत्या रविवारी ते चर्चमध्ये येणार हायेत. तिथंच उभं राहून सांगा, माझा नवरा चोर नाय."

माफी मिळाली की सगळं मिटलं, असं मी धरून चाललो होतो. देवाच्या दयेतही न्याय असतो, हे मला त्या बाईनं शिकवलं. नवऱ्याच्या दयेनं माझी नोकरी वाचली, तिच्या न्यायानं मी जरा माणसात आलो. पुढं त्या पोरीच्या लग्नात मी पंगतीला होतो. त्या घराचे उपकार आजही डोक्यावर आहेत.

पण तो रविवार! घंटा पुन्हा टांगलेली, पुढच्या बाकावर मुलीचे होणारे सासरे, आणि मी वर्दीत सगळ्यांसमोर उभा. तोंड उघडलं, आवाजच फुटेना. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, नुसतीच कुजबुज. तेव्हा राखणदाराची म्हातारी आई मागच्या बाकावरून कडाडली,

"ओ फौजदार, माझ्या लेकाला धरताना तर वरडून पार छावणी गोळा केलती! आता काय घशात घंटा अडकली?"