हळद घातलेली चुनी

अशी जवळ ये वं पोरी. फोन केला की "हाव आई, बरी आहे" म्हणतेस अन् ठेवून देतेस. सासूशी असं बोलतात काय? म्हणून आता लिहूनच सांगते, मधात तोडता येणार नाही तुले.

तू बाळंतपणाले रोहिणखेडले माहेरी गेलीस, तेव्हा तुझ्या चाळीस कोंबड्या माझ्या भरवशावर होत्या. त्यांचं खाद्य तू घरीच करायचीस. डाळमिलमधून आणलेली तुरीची चुनी, म्हणजे डाळ भरडून उरलेला चुरा, गव्हाचा कोंडा, मक्याचा भरडा. वरून शेवग्याचा वाळला पाला, ठेचलेला लसूण, चिमूटभर हळद. पोतं उघडलं की आधी मूठभर चुनी दाबून पाहायचीस. गोळा झाला, म्हणजे ओल लागली, की पोतं बाहेर. मी हसायची, "लाडू वळून राह्यली काय वं?" जाताना बजावलंस, "आई, ओली चुनी नका देऊ. फेकून द्या."

फेकायचं म्हटलं की माझा हात उठत नाही. आम्ही जात्याभोवती सांडलेलं पीठसुद्धा कुंच्यानं गोळा करून खाल्लेली माणसं. झडीत भिंतीकडचं पोतं ओलावलं. आत हिरवट बुरशी, कुबट वास. मी ती चुनी टिनावर वाळवली, हळद दुप्पट केली, कडुलिंबाचा पालाही कुटून घातला. हळद जखमेले चालते, मंग बुरशीले काऊन नाही चालणार? अशी पिवळीधमक दिसत होती चुनी, की मलेच बरं वाटलं.

ती खाऊन आठ दिवसांत कोंबड्या पंख पाडून बसू लागल्या. तुरे फिके पडले. तुझी ती ठिपक्यांची तलंग, तरणी कोंबडी, हातावर येऊन बसायची ती, माझ्या पायापाशीच मान टाकून गेली. एकही वाचली नाही. जनावरांच्या डॉक्टरनं चुनी हुंगली अन् म्हणाला, "हे विष झालं आजी. वाळवून जात नाही, अन् हळदीनंही नाही."

अन् मी तुले फोनवर काय सांगितलं? "मानमोडीचा रोग आला, सगळ्या कोंबड्या गेल्या."

तू म्हणालीस, "लस मीच टोचली होती आई. माहीच चुकली असन." तेव्हाच तोंड उघडायचं होतं मी. पलीकडून बाळ रडत होतं. मी म्हटलं, "जाऊ दे, लेकराले घे."

पुढं लेकाच्या नोकरीपायी तुम्ही मलकापूरले बिऱ्हाड केलंत. परवा त्याले सहज विचारलं, "सुनेनं तिथं दोन-चार कोंबड्या पाळल्या की नाही रे?" तो म्हणाला, "नाही पाळत. म्हणते, माह्या हातानं जीव जगत नाही." त्या दिवशी माझ्याच्यानं जेवण झालं नाही.

पोरी, तुझी लस बरोबर होती. तुझ्या हाताले काही झालेलं नाही. चूक माझी, अन् खोटंही माझंच. एवढे दिवस तुले ते ओझं वाहू दिलं मी. रागवायचं असन तर समोर बसून रागव, मी ऐकून घेईन. लेकराले घेऊन ये. दिवाळीची वाट पाहू नको, या रविवारीच ये.