सर्वसामान्य गटातली जहिदा

अनोळखी माणसाला तोंड उघडायला लावणं सोपं नसतं. जहिदाला ते छान जमायचं. "आ करा, आणि घरी कुणावर तरी ओरडताय असं समजा," ती म्हणायची. समोरचा हसायचा, तेवढ्यात कापसाची काडी गालाच्या आतून फिरून नळीत गेलेली असायची.

नाशिकच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती पंधरा वर्षं तंत्रज्ञ होती. गेल्या वर्षी तिथल्या डॉक्टर शेखर बोरस्त्यांनी एक अभ्यास हाती घेतला. दोनशे धावपटू आणि दोनशे सर्वसामान्य माणसं, अशा चारशे जणांचे नमुने घ्यायचे आणि एक जनुक तपासायचं. स्नायूंत झटक्यात जोर लावणारे तंतू असतात. त्यांच्यातलं एक प्रथिन या जनुकावरून बनतं. जनुकाच्या प्रती दोन, एक आईकडची, एक वडलांकडची. कुणाच्या दोन्ही चालू असतात, कुणाची एक, कुणाची एकही नाही. शंभर-दोनशे मीटर पळणाऱ्यांत दोन्ही चालू असलेले जास्त सापडतात, असं बाहेरचे अभ्यास सांगत होते. आपल्याकडे काय आहे, ते सरांना बघायचं होतं.

धावपटू पटापट मिळाले. अडलं ते साध्या माणसांपाशी. जहिदाचा नवरा सरफराज अंबडच्या कारखान्यात होता. तिने तिथली अख्खी पाळी गाठली, शाळेच्या गेटवरच्या आया गाठल्या, भाजीवाले गाठले. इगतपुरीजवळच्या एका पाड्यावर वेदिका नावाची पाच हजार मीटर पळणारी मुलगी होती. तिचा नमुना झाल्यावर जहिदा तिच्या आईकडे, कुसाबाईकडे वळली. "मावशी, तुम्ही पण द्या की. सर्वसामान्य गटात."

कुसाबाई भाताचा भारा उतरवून नुकतीच टेकली होती. "म्हंजी कोन?"

"म्हणजे जे खेळाडू नाहीत ते."

"पोरगी सपाटीवर पळती ती खेळाडू. आन् मी डोक्यावर वझं घिऊन रोज ही टेकडी चढती, ती साधी व्हय? नाय द्यायची मी थुकी."

जहिदाला हसू आलं. तिने काडी परत पाकिटात ठेवली.

शेवटी एकशे नव्व्याण्णवावर गाडी अडली. "तुमचाच घ्या ना, जहिदाताई," सर म्हणाले. तिने आरशात बघून स्वतःच्याच गालात काडी फिरवली आणि फॉर्म पुढे ओढला. 'जिल्हा किंवा त्यावरच्या स्पर्धेत कधी भाग घेतला आहे का?' तिथे पेन थांबला. नववीत दोनशे मीटरला ती तालुक्यात पहिली आली होती. जिल्ह्याच्या स्पर्धेला चार दिवस उरले आणि तिला कावीळ झाली. घरातून कुणी अडवलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं, नुसती कावीळ. पुढे दहावी, डिप्लोमा, लग्न, मुलगी अदिबा. पळणं राहिलं ते राहिलंच. तिने 'नाही' लिहिलं, आणि 'माझा निकाल मला कळवावा' या चौकटीत खूण केली.

सहा महिन्यांनी सरांनी सांगितलं, "ताई, तुमच्या दोन्ही प्रती चालू आहेत."

संध्याकाळी भांडी घासता घासता तिने ते सरफराजच्या कानावर घातलं. "म्हणजे ते माझ्या अंगातच होतं," ती म्हणाली, आणि एकदम तिला रडू फुटलं. "कावीळ झाली नसती तर..."

सरफराजने नळ बंद केला. "कावीळ झाली नसती तर काय झालं असतं, ते त्या काडीला थोडंच माहीत?"

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सरळच विचारलं, "मी जिल्ह्यात जिंकले असते का, सर?"

सरांनी तक्ता उघडला. सर्वसामान्य गटातही दोनशेतल्या चोपन्न जणांच्या दोन्ही प्रती चालू होत्या. "हे असलं म्हणजे वेग आलाच, असं नाही. वेगात कितीतरी जनुकांचा वाटा असतो. शिवाय सराव, खाणंपिणं, शिकवणारा, त्या दिवशीची तब्येत. या एकट्याचा हिस्सा शंभरात दोन-तीन. आपल्या यादीत असेही चांगले धावपटू आहेत, ज्यांची एकही प्रत चालू नाही."

जहिदाने तक्त्यातल्या चोपन्नवर बोट ठेवलं. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण डोळ्यांपुढे माणसंच येऊ लागली. आ करताना ठसका लागलेले, कारखान्यात लेथ मशीनवर काम करणारे बद्रुद्दीनचाचा. मेथीची जुडी काखेत तशीच धरून तोंड उघडणारी झुंबरबाई. यांतले चोपन्न कोण? त्यांना रेषेवर उभं करून कुणी कधी 'पळा' म्हटलंच नव्हतं.

मग तिने कुसाबाईचं बोलणं सरांना सांगितलं. "चूक आपलीच आहे," सर म्हणाले. पुढच्या टप्प्याच्या फॉर्ममध्ये रोज किती चालता, किती ओझं वाहता, हा रकाना आला. जहिदा तो घेऊन पाड्यावर गेली. कुसाबाईने तो लेकीकडून दोनदा वाचून घेतला, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

एका रविवारी जहिदा अदिबाला घेऊन मैदानावर गेली. दोनशे मीटर, बेचाळीस सेकंद.

"अम्मी, शेवटी तू चाललीस," मोबाईल दाखवत अदिबा म्हणाली.

"चालले नाही. दम खाल्ला."

आता ती मंगळवारी आणि शनिवारी सकाळी जाते. पोरांना शिकवणारे खंडेराव सर जाता जाता तिला "गुडघे वर, मॅडम!" असं ओरडतात. वेळ एकोणचाळीसवर आली आहे, गुडघा दुखतो आहे. सरफराज तेल चोळून देतो, आणि "चला की तुम्हीपण," असं ती म्हणाली की त्याला नेमकी कारखान्यातली कामं आठवतात.