वेलदोड्याचा पाक

त्या वर्षी आमच्या घरात माणसं गुळाचा चहा पीत होती आणि माश्या साखर खात होत्या. हे कुणालाही सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, घरात शहाणं कुणी नव्हतं का? होतं की. मी होते. जुनी अकरावी पास, करमाळ्याच्या शाळेत निबंधाला बक्षीस मिळवलेली. पण नव्या सुनेच्या शहाणपणाला स्वयंपाकघरात कोण विचारतं?

माझं सासर कुंभारीचं. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत, सासूबाईंना अव्वा. आमचे हे सोलापुरात एका ऑफिसात कारकून होते, सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे, त्यामुळे या सगळ्यात त्यांचा दोष नाही आणि उपयोगही नाही. अप्पा जन्मभर गिरणीत सूतखात्यात राबून नुकतेच घरी बसले होते. घरी बसले म्हणजे खरोखरच बसले. पडवीत भिंतीला पाठ लावून, समोरच्या भिंतीकडं बघत. जेवायला हाक मारली तर उठायचे, जेवून परत तिथंच. एक दिवस भाकरी थापता थापता अव्वा मला म्हणाल्या, "गिरणीतनं आलेली माणसं अशी बसाया लागली की वरीसभरात जात्यात. मी लई बघितल्यात." त्यांचा आवाज एरवी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. त्या दिवशी मला कान द्यावा लागला.

अशात मधमाश्यांचे साहेब गावात आले. सरकारी योजना होती. अप्पांनी काय ऐकलं कोण जाणे, पण आठवड्याचं शिक्षण घेऊन ते एक लाकडी पेटी घेऊन आले आणि परड्यात लिंबाखाली चार दगडांवर ठेवली. साहेबांची अट एकच. करडई फुलेपर्यंत माश्या जगल्या तर पेटी अप्पांची, मेल्या किंवा उडून गेल्या तर पेटी परत. अप्पा उठले. सकाळी दाढी करून पेटीपाशी जाऊन बसायला लागले, जेवताना बोलायला लागले, आणि बोलायचे ते फक्त माश्यांबद्दल. अव्वा वैतागायच्या, पण ताटात भाकरी मात्र एक जास्त वाढायच्या.

पाऊस त्या साली दगा देऊन गेला. दसरा जवळ आला तरी रानात फूल म्हणून नव्हतं. अप्पांनी पेटी दोन्ही हातांनी जरा उचलून बघितली, ती हलकी लागली आणि त्यांचा चेहरा पडला. साहेब म्हणाले, उपाशी आहेत, साखरेचा पाक द्या. जेवढी साखर तेवढंच पाणी, उकळून गार करून. दिवस मावळून माश्या घरी आल्यावर पेटीच्या आत ठेवायचा, बाहेर थेंब सांडायचा नाही.

साखर रेशनची. कार्डावर माणसं लिहिलेली होती, माश्या नव्हत्या. अव्वांनी डब्यावर हात ठेवला. "माणसं गूळ खात्यात की. मग ह्यास्नी काय झालं? लई लाडाच्या हायत व्हय?"

"गुळानं हगवण लागती माशीला," अप्पा म्हणाले. "साहेबानं सांगितलंय."

"माशीची हगवण कुणी बघितलीया?"

उत्तर माझ्याकडं होतं, कारण साहेबांनी दिलेलं पुस्तक मीच अप्पांना वाचून दाखवत असे, पण सुनेनं सासूपुढं हगवणीवर बोलावं असा तो काळ नव्हता. अव्वा दोन दिवस धुसफुसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या कपात गुळाचा चहा आला.

आता अडचण वेगळीच निघाली. दिवेलागणीनंतर मीठ, दूध, साखर, पांढरं म्हणून काही घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, लक्ष्मी जाते, ही अव्वांची ठाम समजूत. आणि पाक द्यायचा नेमका दिवेलागणीनंतर. अप्पा वाटी घेऊन निघाले की अव्वा देवाकडं तोंड करून बसायच्या. आपण बघितलं नाही म्हणजे लक्ष्मीनंही बघितलं नसेल, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा. अप्पा वाटीत कडब्याच्या चार काड्या टाकत, माश्यांना बसून प्यायला. वाटी सकाळी कोरडी ठणठणीत निघायची. आठ दिवस सगळं सुरळीत चाललं.

मग अक्कलकोटहून निरोप आला, अप्पांचे चुलतभाऊ फार आजारी होते. अप्पांना एक रात्र राहून येणं भाग होतं. जाताना त्यांनी दोघींना समोर उभं करून सगळं तीनदा सांगितलं. शेवटी अव्वांना म्हणाले, "तुज्यावर सोडून चाललोय." लग्न झाल्यापासून त्यांनी कुठलीच गोष्ट अव्वांवर सोडली नव्हती, निदान बोलून दाखवून तरी नाही. अव्वांनी पदर खोचला.

दुपारी बघते तर चुलीवर पातेलं. डब्यातली उरलीसुरली सगळी साखर त्यात, आणि अव्वा खलबत्त्यात वेलदोडे कुटतायत.

"अव्वा, नुसता पाक द्यायचाय. वास येऊ द्यायचा नाही असं पुस्तकात आहे."

"पाव्हण्याला फिकं पाणी देत्यात व्हय? नाव ठेवतील."

वर त्यांनी किसून जायफळ घातलं. आपल्या हातानं द्यायचं म्हणजे दिवे लागायच्या आत द्यायचं, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. तीनचा सुमार होता, ऊन रणरणत होतं. पेटीवर त्यांनी विभूतीचे तीन पट्टे ओढले. वाटी आत ठेवली. आणि जेवायला बसण्याआधी एक घास बाहेर ठेवायची आमच्या घरची रीत, म्हणून एका पानावर डावभर पाक पेटीच्या दाराशीच वाढला. मी हे सगळं बघत उभी होते. पुस्तक पाठ असून गप्प बसले. याची मला अजून लाज वाटते.

पाचच मिनिटं शांतता होती. मग चिंचेच्या ढोलीतल्या रानमाश्या आल्या, मागोमाग गांधीलमाश्या आल्या. पान चाटून झाल्यावर त्या थेट पेटीत घुसायला लागल्या. दाराशी माश्यांची झोंबाझोंबी सुरू झाली, आमच्या माश्या खाली पडायला लागल्या. वेलदोड्याचा घमघमाट सगळ्या परड्यात पसरला होता.

नेमके त्याच वेळी आमचे जावई, माझ्या नणंदेचे यजमान, दारात आले. दसऱ्याला म्हणून दोन दिवस आधीच. अंगात पांढराशुभ्र टेरिलीनचा शर्ट, डोक्याला चमेलीचं तेल चपचपून. अव्वांनी "या जावईबापू" म्हणेपर्यंत निम्मा घोळका त्यांच्या डोक्यावर. ते धावत न्हाणीत शिरले आणि आतून कडी लावली.

जावयाकडं बघायला कुणाला सवड होती? मी घोंगडी पांघरली, शेणामातीचा गोळा घेतला आणि पेटीचं दार लिंपत गेले, एक माशी जाईल एवढीच वाट ठेवून. हाताला सात ठिकाणी डंख बसले. पुस्तकात वर ओलं फडकं टाका असं होतं, ते मी ओरडून सांगितलं. अव्वांनी दसऱ्यासाठी दोरीवर उन्हाला टाकलेली आपली ठेवणीतली इरकल साडी ओढली, हौदात बुचकळली आणि पेटीवर टाकली. मग तिथंच मातीत बसून राहिल्या. उन्हं कलल्यावर गर्दी पांगली.

न्हाणीतून आवाज आला, "गेल्या का?"

"गेल्या," अव्वा म्हणाल्या. "चहा टाकू का?"

"साखरेचा?"

"गुळाचा. साखर माश्यांनी न्हेली बघा."



त्या रात्री अव्वा जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "पेटी गेली तर त्ये परत भिंतीकडं बघत बसतील की गं. आन् ही येळ मी आणली." मी त्यांचा हात धरला. माझा सुजलेला होता, त्यामुळे कोण कुणाला धीर देतंय ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. त्यांनी पेटीवरची इरकल बघितली, मेलेल्या माश्या मी सुपात भरून ठेवल्या होत्या त्या बघितल्या. झाकण काढून पोळ्याची एकेक चौकट उचलली. अव्वा लांब उभ्या होत्या, पदर तोंडाला.

"निम्म्या गेल्या," अप्पा म्हणाले. "राणी हाय."

मग वाटीचा वास घेतला. "वेलदोडा कुणी घातला?"

"मी. जायफळबी."

अप्पांनी पाठ फिरवली. मला वाटलं, आता संपलं. पण त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्यांना तसं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. जावई मात्र हसले नाहीत. ते दसऱ्याचं सोनं आदल्या दिवशीच वाटून घरी गेले.

साखरेची सोय मी माहेराहून केली. दिवेलागणीची सोय अव्वांनी केली. अप्पांनी अंधार पडल्यावर पाक द्यायचा, आणि तो देऊन होईपर्यंत घरात दिवाच लावायचा नाही. दिवा लागला नाही म्हणजे दिवेलागण झाली नाही. सगळ्या कुंभारीत दिवे लागलेले आणि आमचं घर काळं. शेजारीण विचारून गेली, कुणी गेलं का. अंधार दाटायची वाट बघत अप्पा वाटी घेऊन ओट्यावर टेकायचे, शेजारी अव्वा. गिरणीत अप्पांची बहुतेक वर्षं दुसरी पाळी होती, मध्यरात्री सुटणारी. ही वेळ दोघांनी एकत्र कधी बघितलीच नव्हती. फारसं बोलायचे नाहीत. माश्यांचं काहीतरी, आणि मधेच कानडीत एखादं वाक्य.

पुढं करडई फुलली, शिवारं पिवळीधमक झाली. साहेब आले, पेटी उघडून खूश झाले, पेटी तुमची म्हणाले. आता फुलं आहेत, पाक बंद करा, असंही सांगून गेले.

पाक बंद झाला. मी दुसऱ्या दिवशी वेळेवर काडेपेटी घेतली, तर अव्वांनी ओट्यावरनंच हटकलं, "ठेव ती." मी म्हटलं, अव्वा, आता कशासाठी थांबायचं?

"बस की गप," त्या म्हणाल्या आणि अप्पांना जागा करून देत जरा सरकल्या. "लावू की सावकाश."