पाण्यावरून पाहिलेलं कोची

कोची कसं आहे, असं आमच्या पेडगावात कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. मी कोची पाहिलं ते बोटीतून, एकाच दिवसात चार वेळा, आणि त्याला कारण आमचे आबा.

आबा म्हणजे माझे वडील. धाकट्या बहिणीचा नवरा तिथल्या बंदरात नोकरीला आहे. लग्नाला चार वर्षं झाली तरी आबांनी लेकीचं घर पाहिलं नव्हतं. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. बहिणीला दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा पोटातलं लेकरू गेलं. आबांना हे माहीत होतं. पण त्यांच्या हिशेबी ती दोन्ही लेकरं धरायची नव्हती.

तरी गुडघे दुखत असताना ते निघाले. पूर्णा जंक्शनला गाडीत बसलो तेव्हा त्यांच्या हातात आमच्या बोअरच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन होता आणि पिशवीत दशम्या. मी म्हटलं, आबा, तिथं पाणी आहे की, समुद्र आहे. ते हसले नाहीत. कॅन दुसऱ्या दिवशीच संपला.

कोचीत एर्नाकुलमच्या बोटीच्या धक्क्यावर बहीण घ्यायला आली होती. तिचं घर खाडीपलीकडे, बोटीनं वीस मिनिटं. चढण्याआधीच आबांनी तिला सांगितलं की घर बघीन, घडीभर टेकीन, पण तोंडाला काही लावणार नाही. ती शांतपणे म्हणाली, "आबा, माझ्या घरातून कोरड्या तोंडानं कुणी जायचं न्हाई. मंग घरी येऊच नका. बोटीत बसू. बोट कुणाचंच घर न्हाई."

आणि आबांनी मान डोलावली! त्यांना ती तोड पटली, बरं का. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बोट सुटली. चार मजली घराएवढी जहाजं उभी होती, त्यांच्या बुडाला गंजाचे ओघळ. क्रेनी मालाचे लोखंडी डबे उचलत होत्या. माशांचा, डिझेलचा, कुजक्या पाण्याचा वास एकत्र येत होता. आमच्याकडे ऊन भाजतं पण घाम वाळतो, इथं तो वाळायचं नावच घेईना. काठावर मोठमोठी जाळी बांबूंना टांगलेली होती. एरवी मी हे सगळं डोळे फाडून पाहिलं असतं. त्या दिवशी मला तिथलं एक नारळाचं झाडही सहन होत नव्हतं.

मधेच बहिणीनं पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. "ती निळी टाकी दिसायली का आबा? तिच्या खालची खिडकी आपली."

आबा उठून उभे राहिले. खिडकीत नवा पडदा होता. पलीकडे गेलो, उतरलो, रांगेत तिकिटं काढली आणि परत त्याच बोटीत बसलो. तिनं घरून आणलेला डबा उघडला. पिठलं, भाकरी, ठेचा. ज्वारीचं पीठ कुठून पैदा केलं होतं देव जाणे. आबा दोन भाकरी जेवले, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, लय दिवसांनी पोटभर जेवलो. मी एक घासही खाल्ला नाही.

तिसऱ्या फेरीत मी आबांना तोडून बोललो. म्हटलं, त्याच घरच्या चुलीवरची भाकरी, त्याच घरचं पाणी. बोटीत चालतं आणि घरात बाटतं? हा कुठला धर्म? शेजारची माणसं बघायला लागली. आबा खिडकीकडेच बघत राहिले. "एखादं लेकरू होऊ दे," म्हणाले, "मंग म्हैनाभर ऱ्हातो."

बहीण डब्याची झाकणं लावत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

तिसरी फेरी संपली तशी ती तिच्या धक्क्यावर उतरली; चौथी फेरी आम्हा दोघांची, परतीची. पायरीवरून मागं वळून मला म्हणाली, "भाऊ, तुला तर काई आडकाठी न्हाई. तू तरी चल. आबांसाठी गादी घातलीय, निदान बघून जा. धा मिनिटं."

खरंच मला कसलीच आडकाठी नव्हती. भावाला असा कुठलाही नेम नाही. आबा धक्क्यावरच्या बाकावर बसले असते, कुठं जाणार होते? आणि आमची गाडी तर संध्याकाळची होती.

मी म्हणालो, "आबा एकटे कसे बसतील? पुढच्या खेपेला येतो."

"बरं," ती म्हणाली, आणि रिकामा डबा घेऊन चालायला लागली.