चालणारा भोवत्या

भोवत्या चालत होता. गवतावर घिरट्या घालून शिकार करणारा हा पक्षी, आणि पुण्यात माझ्या संगणकावर त्याचा ठिपका आठ दिवस रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर सरकत होता. पंख मोडला असणार. उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा ट्रान्समीटर त्याच्या पाठीवर पट्ट्यांनी मीच बांधला होता. पट्टा पंखात रुतला असेल तर पाप माझं. मी सोलापूरची गाडी पकडली.

तिथून मंद्रूपची एसटी. मधेच माळावर उतरायचंय म्हटल्यावर कंडक्टरनं मला आपादमस्तक न्याहाळलं. पक्षी शोधायचाय, मी म्हटलं. त्यानं घंटी मारली.

तासभर उन्हात तंगडतोड करून फोनवरच्या ठिपक्यापाशी पोचले, तर समोर मेंढ्यांचा खांडवा (कळप) आणि म्हाळाप्पा नावाचे म्हातारे मेंढपाळ. त्यांनी नाव-गाव विचारलं, पाणी दिलं, भाकरीवर शेंगाचटणी घालून हातात ठेवली. ती तशीच धरून मी गवतात पक्षी शोधत राहिले. तेवढ्यात एक दांडगा एडका (नर मेंढा) जवळ आला. त्याच्या गळ्यात माझा ट्रान्समीटर!

देखण्या एडक्याला दृष्ट लागू नये म्हणून काहीतरी काळं बांधतात. गवतात सापडलेली काळी डबी म्हाळाप्पामामांना त्यासाठी अगदी नामी वाटली होती.

"मामा, पक्षी मेलेला होता का?" मी विचारलं.

"न्हाय की. नुसती डबीच पडली हुती. त्यो रोज येतो हितं. पायात निळं कडं हाय बगा."

ते कडंही मीच घातलेलं. ऊन कलल्यावर तो आलाच, गवताला पोट घासेल इतक्या खालून, दोन्ही पंख शाबूत. मी चक्क रडले.

ट्रान्समीटरच्या पट्ट्यांना मी घातलेला, दोन वर्षं टिकायचा टाका वर्षातच उसवला होता. माझी शिवण कच्ची म्हणून आईनं जन्मभर टोमणे मारले, पण त्या दिवशी मला त्या टाक्याचा अभिमानच वाटला. डबी मागितली तर मामांनी एडक्याला जवळ ओढून घेतलं. शेवटी दुर्बिणीचा काळा पट्टा सोडून मी एडक्याच्या गळ्यात बांधला, तेव्हा कुठं ती मिळाली.

परतताना डबी गाडीच्या खिडकीत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी नकाशावर भोवत्याचा ठिपका रेल्वेच्या रुळांवरून थेट पुण्यात आलेला दिसला. खरा भोवत्या आता कुठं आहे, ते ना उपग्रहाला ठाऊक ना मला. त्या दिवशी मी पोटभर जेवले.