केसाएवढी कंबर

आमच्या वहिनीची मामी आता हयात नाही. तिच्यावर जो आळ आला तो माझ्यामुळे, आणि सगळं कळत असून मी गप्प बसलो. म्हणून हे लिहितो.

मी तेव्हा वाशीमला मॅट्रिकच्या वर्गात होतो. संस्कृत जमेना म्हणून फारसी घेतली, तीही जमेना. मास्तर दयाळू होते. ते कवितांचा मराठी अर्थ सांगत आणि आम्ही तेवढाच पाठ करत. अर्थही अजबच असे. प्रेयसीचा चेहरा चंद्र, बांधा सरूच्या झाडासारखा, केस म्हणजे नागिणी, हनुवटीची खळी म्हणजे विहीर, आणि तीत प्रियकराचं काळीज पडून बुडतं. मास्तर बजावत, की इथे विहीर म्हणजे विहीर नव्हे. मग ती म्हणजे काय, ते परीक्षेत येत नसे, म्हणून मी विचारलं नाही.

त्या साली माझ्या चुलतभावाला किन्हीराजाची एक मुलगी सांगून आली. मुलगी मामाच्या घरी वाढलेली. कामरगावला त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या काकूचा, भाजीचा मळा. आमच्यात मुलाने स्वतः मुलगी पाहायची रीत नव्हती. घरातलं कोणी जाऊन यायचं आणि त्याच्या शब्दावर सोयरीक ठरायची. काकूचे गुडघे धरलेले. मी शिकलेला, म्हणून मला पाठवलं.

परत आलो तेव्हा मुलगी कशी आहे ते सांगायला मळ्यात काकूसमोर बसून सगळी कविता म्हणून दाखवली. भाऊ वांग्याच्या वाफ्यात उगाच खुरपं हलवत ऐकत होता. काकूने एकेक वस्तू तपासायला घेतली. केस नागिणीसारखे म्हणजे जटा झाल्या असतील. हनुवटीत विहीर म्हणजे देवीचे वण, पोरगं लाजून सांगत नाही. सरू केवढं असतं विचारलं, तर मी वाशीमच्या साहेबाच्या बंगल्यातलं झाड सांगितलं. ती आपल्या घराच्या दाराकडे बघत राहिली.

"अन् कंबर?"

"केसाएवढी बारीक."

"मंग घागर कुठी ठेवते ते, बापा?"

मी मास्तरांचं वाक्य सांगितलं, की त्या वस्तू म्हणजे त्या वस्तू नव्हेत. काकू म्हणाली, मग खरं काय पाहिलं तेवढं सांग. ते मला सांगता येईना. लाजेने मी मान वर केलीच नव्हती.

काकूने नकार कळवला, कारणांसकट. भावाला जेवण जाईना. शेवटी कांद्याचं रोप विकायच्या निमित्ताने तो स्वतःच किन्हीराजाला गेला. परत येऊन आईला एवढंच म्हणाला, "भरली घागर घेऊन वावराच्या धुऱ्यावरून चालते, आई. कंबर हाये तिले." चैत्रात लग्न लागलं.

पण जटा आणि वण वहिनीच्या कानावर गेले होते. असं सांगणारं घरातलंच कोणी असणार, म्हणून तिने मामीवर संशय धरला. दोघींचं आधीपासून जमत नव्हतं. पुढे मामी जाईपर्यंत वहिनी तिच्या घरी पाणी प्यायली नाही. लग्नकार्यात मामी एका बाजूला बसलेली दिसे, आणि मी वाढप्यांत शिरून फार घाईत असल्यासारखं करी.

परवा मी वहिनीला सगळं सांगून टाकलं. ती पोट धरधरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "मंग भाऊजी, तुमी तठी बसून पायलं तरी काय?"

"पोहे," मी म्हणालो. "लय चांगले होते."

तिचं हसू थांबलं.

"ते मामीनंच केले होते," ती म्हणाली.