सरोत्याचा मूळ देश

जगातली कुठलीही वस्तू आमच्या मोठ्या साडूंच्या हातात द्या; ती कशासाठी वापरतात हे ते सांगतील न सांगतील, पण ती कुठे जन्मली हे ठरवल्याशिवाय तुम्हाला परत मिळणार नाही. वडशाच्या बाजारात त्यांना डोक्यावर पडलेला माणूस म्हणतात. म्हणोत! मी त्यांचा नातेवाईक, तेव्हा माझी साक्ष खुद्द साडूच ग्राह्य धरणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही मी ती देणार.

उमेदीची वर्षं त्यांनी नागपुरात काढली, परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या एका कचेरीत. त्यांच्या वाट्याला आली हातहत्यारं: पकडी, पाने, पटाशा, हातोड्या. माल कुठल्या देशाचा यावर जकात कमीजास्त होते, आणि पटाशी ही अशी चीज की ती एका देशात घडते, दुसऱ्या देशात तिला पॉलिश होतं आणि तिसऱ्यात ती डब्यात बसते. मग ती म्हणायची कुणाची? साडूंचं उत्तर तयार असायचं. "जिथी लोखंडाची पटाशी झाली, तिथली. पॉलिश मारून अन् डब्बा बदलून मूळ देश बदलत नाई." एका बड्या गिऱ्हाइकाला मात्र डबा जिथला तोच देश कागदावर हवा होता, कारण तिथल्या मालाला जकात कमी. साहेबांनी साडूंपुढे कागद सरकवला. "पेन तुमचा आहे साहेब, तुमीच करा सही," असं म्हणून साडूंनी पेन टेबलावर ठेवला, आणि नोकरीही तिथेच ठेवून ते वडशाला परत आले.

गावात त्यांनी हत्यारांचं दुकान टाकलं. तिथे टांगलेल्या प्रत्येक हत्याराला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर साडूंच्या टपोऱ्या अक्षरात खरा मूळ देश. गिऱ्हाईक बिचारं सुटायला आलेल्या गाडीकडे बघत "भाऊ, द्या ना लवकर" म्हणत असतं, आणि हे महाशय स्क्रू पिळायचा पेचकस उन्हात धरून त्याची कुळी सांगत असतात. नात्यातल्या प्रत्येक लग्नात त्यांचा आहेर एकच, पक्कड, तीही थेट नवरीच्या हातात. "नवऱ्याचं मले माहीत नाई बाई, पकडीची गॅरंटी माझी." आणि हिवाळ्यात आमच्याकडे गावोगावी होणारं झाडीपट्टीचं नाटक बघायला त्यांच्या शेजारी कुणी बसू नये. एकदा नायकानं खलनायकावर कुऱ्हाड उगारली, सगळा मंडप श्वास धरून बसला, बायांचे पदर डोळ्यांना लागले, आणि तिसऱ्या रांगेतून हे कडाडले, "अरे, ते कुऱ्हाड बाहेरची आहे! पात्यावरचा शिक्का तं घासा!" मरायला टेकलेला खलनायकच आधी हसला. त्या रात्री तो मेला की वाचला, हे मला अजून कळलेलं नाही.

अशा माणसाला आयुष्यात एकाच हत्यारानं हरवलं. आमच्या ताई, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहीण आणि साडूंच्या सौभाग्यवती, लग्नात माहेराहून, सिरोंच्याहून, एक सरोता घेऊन आल्या होत्या. साधा सुपारी कातरायचा अडकित्ता. त्यावर शिक्का नाही, खूण नाही, काही नाही. साडूंनी तो भिंगातून पाहिला, वजन केला, ठोकून त्याचा आवाज ऐकला, आणि शेवटी कोरी चिठ्ठी बांधून स्वयंपाकघरात टांगला. ताई म्हणायच्या, "अजी, आमच्या गल्लीतल्या लोहारानं माह्या डोळ्यासमोर घडवला ना तो!" साडू म्हणायचे, "तू तवा लहान होती. त्यात सरोत्याच्या माहेरची. अशी साक्ष चालत नाई." आम्ही हसायचो. ताई हसत नसत. "दुनियेवर भरोसा नका ठेवू, पण माह्या एका शब्दावर तं ठेवा," असं त्या म्हणायच्या आणि ती कोरी चिठ्ठी उलटी करून ठेवायच्या.

पुढे लोक घरबसल्या मोबाइलवरून हत्यारं मागवू लागले आणि दुकान बसत चाललं. तेवढ्यात एक व्यापारी पोतंभर पटाशा घेऊन आला. पाती परदेशी, बिनदांड्याची. इथे दांडे बसवायचे, 'वडशाची पटाशी' म्हणून विकायच्या, आणि आजूबाजूच्या दोन जिल्ह्यांची एजन्सी साडूंची. मी मुद्दाम पोंभुर्ण्याहून आलो होतो, तिथल्या शाळेतल्या मास्तरकीतून रजा घेऊन, त्यांना हो म्हणायला लावायला. ताईंनीच बोलावलं होतं.

"दांडा बसवला म्हंजे पटाशी इथली होते काजी?" साडूंनी विचारलं.

"भाऊ, कोण विचारते?"

"मी विचारून राह्यलो ना!"

व्यापारी ताईंकडे वळला. "वहिनी, तुमी तरी समजवा यायले."

ताई दुकानातच बसून त्याच सरोत्यानं सुपारी कातरत होत्या. त्यांनी एकदा शटरकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मला वाटलं, आता या समजावतील. "मी इथी आली तं माहं घर बदललं, आडनाव बदललं, बोली बदलली," त्या म्हणाल्या. "तरी मी सिरोंच्याचीच आहो. तुमी तं निस्ता दांडा बदलून राह्यले. उचला पोतं."

पोतं गेलं. साडूंची छाती अशी फुगली की सदऱ्याच्या गुंडीची मला काळजी वाटली. ताईंनी सरोता त्यांच्यासमोर धरला. "आता तरी लिवा यावर."

आणि या गृहस्थानं, ज्याची लाज बायकोनं नुकतीच राखली होती त्यानं, विचारलं, "पुरावा?"

ताईंनी त्यांना जेवायला वाढलं, पण सुपारी दिली नाही. पुढेही कधी दिली नाही. मला त्या क्षणी साडूंचा विलक्षण राग आला होता, आणि आजही आठवलं की येतो. दुकानाचा पुढचा अर्धा भाग मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्यानं गेला. मागच्या अर्ध्यात साडू आपल्या चिठ्ठ्यांसह ठाण मांडून बसले, कुणापुढे वाकले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर मी साडूंबरोबर दुकानात जाऊन बसलो. समोरच्या मोठ्या खिळ्यावर, जिथे ते सगळ्यात चांगली पक्कड लावत, तिथे सरोता टांगलेला होता. चिठ्ठी तीच, जुनी, कडा काळवंडलेली. तिच्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'सिरोंचा'.

मी ते विचारायला नको होतं, पण जुना राग होता. म्हटलं, "भाऊ, पुरावा?"

साडूंनी चिठ्ठी दोन बोटांनी सरळ केली, अक्षरं नीट समोर येतील अशी.

"मास्तर," ते म्हणाले, "तिनं सांगतलं होतं ना."